गिरजाबाईच्या नावापुढची चौदा शून्यं

"साहेब, तुमी वर या. आन तू बाबू, खालीच बस."

मालगुजारानं एवढंच म्हटलं. आवाज चढवला नाही, शिवी दिली नाही. दिवाणजीनं गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलेलं तुरीचं रिकामं पोतं उचललं आणि न झटकता अंगणात टाकलं. साहेब ओसरीच्या पायऱ्या चढले, खुर्चीत बसले. मी पोत्यावर बसलो.

मला कोणी ढकललं नाही. मी माझ्या पायांनी चालत गेलो आणि बसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे सांगायचं आहे त्यात सगळ्यात मोठा वाटा माझा आहे. मालगुजार वाईट होता, हे सांगायला एवढा कागद कशाला खर्च करायचा? ते गावच्या कुत्र्यालाही ठाऊक होतं.

नागपूरला दीक्षा झाली त्याच्या पुढचा हिवाळा होता. मीही त्या गर्दीत उभा होतो. पांढरा सदरा घालून, छाती भरून प्रतिज्ञा म्हटल्या होत्या. घरी येऊन भिंतीवरचे देव काढले होते. आता कोणापुढं वाकणार नाही, असं वस्तीत चारचौघांना सांगितलं होतं. आणि तीन महिने होत नाहीत तोच त्याच पांढऱ्या सदऱ्यात मी मालगुजाराच्या अंगणात मांडी घालून बसलो. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करायचा हक्क, सरकारनं केव्हाच काढून घेतली होती. पण जमीन राहिली होती, ओसरी राहिली होती, आणि लोकांच्या तोंडी नावही राहिलं होतं.

मी सरकारी तपासनीस होतो. तात्पुरता, पण सरकारी. शेतमजुरांची पाहणी चालू होती. मजुराला वर्षात किती दिवस काम मिळतं, मजुरी काय मिळते, रोख मिळते की धान्यात, बायांना किती देतात, हे सगळं सरकारला कळायला हवं होतं. गावातल्या घरांची यादी करायची, त्यातून ठरावीक अंतरानं घरं निवडायची आणि प्रत्येक घराचा लांबलचक फॉर्म भरायचा. शेवटच्या पानावर आठवड्याचा तक्ता. डावीकडं घरातल्या प्रत्येक माणसाचं नाव. पुढं सात दिवस, एकेका दिवसाचे दोन भाग, सकाळ आणि दुपार. प्रत्येक चौकटीत लिहायचं, काम होतं का, कोणाकडं होतं, काय मिळालं. काम नसेल तर शून्य.

वर्ध्याला एका शाळेच्या खोलीत आमचं शिक्षण झालं. शिकवणारे हेच साहेब. नागपूरचे, शिकलेले, बोलायला मऊ. ते म्हणाले होते, "मजुराला विचारा, मालकाला नाही. मजुराच्या घरी जाऊन विचारा. तुम्ही उत्तर सुचवू नका." मी ते वहीत उतरवून खाली दोन रेघा ओढल्या होत्या. मॅट्रिक झालेला आमच्या वस्तीतला मी पहिला. खिशाला पेन लावलं होतं. आमच्या गावाजवळ कारंज्याच्या हमरस्त्यावर ट्रकवाले थांबायचे तिथल्या चहावाल्यानंही मला पहिल्यांदा 'अहो' म्हटलं होतं.

आमचा मुक्काम अल्लीपूरला होता. तिथून आम्ही सायकलीनं मालगुजाराच्या गावात गेलो. साहेबांनी मालगुजाराला नमस्कार करून काम सांगितलं. मालगुजार म्हणाला, "त्याहिच्या घरी काऊन जाता? घाणीत? मी समद्याईले इथंच बलावतो. मले त्याहिचं समदं तोंडपाठ हाय."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी साहेबांकडं पाहिलं. दोघांनाही वहीतलं वाक्य आठवलं असणार. साहेब म्हणाले, "वेळही वाचेल."

मग मालगुजारानं माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्यावर ते पोतं आलं.

निवडलेल्या घरांतले पुरुष अंगणात एका बाजूला उकिडवे बसले होते. मी नाव वाचायचो. मालगुजार वरून उत्तर द्यायचा. ज्याचं नाव, तो मान हलवायचा. फॉर्म भराभर होत होते. मी मनात म्हणत होतो की चला, आज काम लवकर आटोपेल.

पाचवं नाव श्रावणचं. मालगुजाराचा सालदार. पाडव्यापासून पाडव्यापर्यंत वर्षभरासाठी बांधलेला गडी. मालगुजारानं त्याच्या सालाचे रुपये सांगितले, जवारी सांगितली, एक धोतर, एक जोडा. मी लिहिलं. मग बायकोचा रकाना आला.

"बायको काय काम करते?" साहेबांनी खुर्चीतून विचारलं.

"ते काय करन? घरी राह्यते. बसून खाते. काय रे श्रावण?"

"हो मालक," श्रावण म्हणाला.

त्याच वेळी गोठ्यातून एक बाई डोक्यावर शेणाची टोपली घेऊन बाहेर आली. ओसरी आणि माझं पोतं यांच्यामधून चालत ती उकिरड्याकडं गेली. टोपलीतून पाणी तिच्या कपाळावर ओघळत होतं. ती गिरजा. श्रावणची बायको. मला ते कळलं, कारण श्रावणनं तिच्याकडं पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं.

मी तक्ता भरायला घेतला. गिरजाबाई. सोमवार सकाळ, शून्य. सोमवार दुपार, शून्य. मंगळवार सकाळ, शून्य. मी गुरुवारच्या चौकटीत होतो तेव्हा तिची दुसरी टोपली माझ्यासमोरून गेली. मी मान वर केली नाही. शनिवारी पोचलो तेव्हा ती रिकामी टोपली घेऊन परत आली आणि थांबली.

"बाबू, माहं नाव लिवलं का?"

"लिहिलं."

"काय लिवलं?"

"घरकाम."

"मंग मले काई भेटन का त्याच्यानं?"

मालगुजार हसला. दिवाणजी हसला. साहेबही थोडे हसले. आणि मी हसलो. आता लिहितानाही ते हसणं माझ्या ओठांवर येतं आणि तोंड धुवावंसं वाटतं.

मालगुजारानं फॉर्म पाहायला मागितला. माझ्या हातातून घेणं त्याला चालणार नव्हतं, हे मला न सांगता समजलं. मी उठून कागद पायरीवर ठेवला आणि मागं सरलो. तो वाकला, कागद उचलला. "अक्षर मस्त हाय बाप्पा ह्याचं," तो म्हणाला. साहेब खूश झाले. मीसुद्धा खूश झालो. ज्यानं मला पोत्यावर बसवलं त्यानं अक्षर चांगलं म्हटलं म्हणून माझी छाती फुगली. इतका मी हलका होतो.

दुपारी साहेबांचं ताट आत मांडलं. माझं जेवण गोठ्याजवळ. मला वाढायला घरातलं कोण येणार? गिरजाला सांगितलं. तिनं पळसाच्या पानावर दोन भाकरी, वरण आणि वांग्याची भाजी आणली. हात धुतले होते तिनं. पण नखांत शेण होतं. पोटऱ्यांवर वाळलेलं शेण होतं. पान माझ्यापुढं ठेवताना तो वास आला.

"मला भूक नाही," मी म्हणालो.

ती उभी राहिली. मग हळू आवाजात बोलली, "आमीबी तुमचेच हाओ बाबू. दिक्षा आमीबी घेतली. जेवा."

"नाही, खरंच भूक नाही."

तिनं माझ्या तोंडाकडं पाहिलं. माझ्या नाकपुड्यांकडं पाहिलं. तिला कळलं. वाद घातला नाही. पान उचललं आणि नेलं. मालगुजारानं मला पोत्यावर बसवलं होतं. मी तिला कुठं बसवलं, ते सांगायला माझ्याकडं शब्द नाही.

संध्याकाळी अल्लीपूरच्या मुक्कामावर साहेबांनी फॉर्म तपासले. गिरजाच्या नावाशी थांबले. "ही आश्रितांत," म्हणाले. म्हणजे नवऱ्याच्या जिवावर जगणारी. मी त्या रकान्यात खूण केली. साहेबांनी सही केली. गठ्ठा बांधला. त्या पाहणीत मी याआधीही सालदारांची कितीतरी घरं लिहिली होती. प्रत्येक घरातल्या बाईपुढं मी हेच लिहिलं होतं. कधी मालकानं सांगितलं म्हणून, कधी नवऱ्यानं सांगितलं म्हणून. आणि कधी खुद्द बाईनंच सांगितलं म्हणून. "काई नाई बाबू, मी तं घरीच राह्यतो," असं त्या म्हणायच्या, आणि मी चौदा शून्यं मांडून मोकळा व्हायचो. दोन मिनिटांचं काम.

शनिवारी दोन मोटारी बदलून मी कारंज्याजवळ आमच्या गावी गेलो. बाप वावरात होता. बापही सालदार. आई दारात गोवऱ्या रचत होती. मी लहान होतो तेव्हापासून ती बापाच्या मालकाकडं पहाटे जायची, तेव्हाही जात होती. मी तिच्याकडं पाहत बसलो. पानावरची वांग्याची भाजी डोळ्यांसमोरून हलेना. शेवटी मी थैलीतून एक कोरा फॉर्म काढला.

"आई, तुला काही विचारतो. गेल्या सात दिवसांत तू काय काम केलं?"

"काईच नाई. घरीच हाओ."

"आज सकाळी उठल्यावर काय केलं?"

"मालकाकडं गेली. गोठ्यातला शेणपुंजा केला."

"किती जनावरं?"

"सहा बैल, दोन गाई, एक म्हैस, वासरं."

"मग?"

"मंग अंगण झाडलं. सडा टाकला. जनावराईच्या टाक्यात पाणी भरलं. वाड्याच्या आत जाता येत नाई ना, समदं बाहेरचंच काम. मंग सरपन फोडाचं होतं. उन्हं वर आली तवा घरी आली. दुपारून गोवऱ्या थापल्या."

"आपल्या?"

"त्याहिच्या. आपल्या ह्या, आता करून राह्यली त्या."

मी लिहीत गेलो. सोमवार सकाळ. मंगळवार सकाळ. एकही चौकट रिकामी राहिली नाही. दुपारच्याही भरल्या.

"मग तू म्हणतेस काम केलं नाही?"

"ते काय काम हाय बाबा? ते तं सालातच असते. तुह्या बापानं साल धरलं की मी आलीच."

"तुला कोणी विचारलं होतं का?"

आई हसली. "बैल घेतला की शेपूट त्याच्यासंगंच येते. शेपटाले कोन इचारते?"

मी पुढं विचारलं, मिळतं काय. म्हणाली, उरलंसुरलं सालन, म्हणजे कालवण, शिळी भाकर, दिवाळीले लुगडं, तेही माल्कीणबाईंचं जुनं. मी विचारलं, किती वर्षं? तिनं बोटं मोजली, मग सोडून दिलं. "तू पोटात होता तवापासून," म्हणाली.

मला वाटलं होतं, मी तिला काही शिकवतो आहे. हातात सरकारी कागद, खिशाला पेन. मी म्हटलं, "आई, हे काम आहे. याला मजुरी मिळायला पाहिजे. हे लोक तुला फुकट राबवतात."

तिनं गोवरी खाली ठेवली. "आन तू?"

"मी काय?"

"बोर्डिंगात होता तवा मास्तरनं इचारलं होतं ना, माय काय करते? तू काय सांगतलं?"

वर्ध्याच्या वसतिगृहात आम्ही वीस-बावीस पोरं. मास्तरांनी एकेकाला विचारलं होतं. कोणाची आई कापूस वेचणीला जायची, कोणाची सरकी काढायच्या जिनात. मी म्हटलं होतं, आई घरीच असते, काही करत नाही. मला तो शब्द उच्चारायचा नव्हता. शेण. पोरांनी नाक धरलं असतं. हे आईला कोणी सांगितलं, मी विचारलं नाही. गावातलं एक पोरगं तिथं होतं, त्यानं सांगितलं असेल.

"मी तुले भेटाले याव," आई म्हणाली, "तं ट्रकवाल्याले वर्ध्याच्या आंधी नालवाडीपासीच उतरून दे म्हणाव. तठी नाल्यावर बसून राखुंडीनं हात घासाव. कोपरापर्यंत. नखं काडीनं कोराव. मंग याव. तरी तू मले मागच्या दारी नेत होता. एकडाव तुह्या दोस्तानं इचारलं, कोन हाय, तं तू म्हटलं, गावची बाई हाय."

ती हे रागानं बोलली नाही. जनावरं किती ते जसं सांगितलं, तसंच सांगितलं. आणि गोवऱ्या रचू लागली.

मी उठून घराच्या मागं गेलो. तिथं बाभळीखाली बसलो. रडलो का? रडलो. पण रडण्यानं काय होतं. गिरजाची शून्यं मालगुजारानं सांगितली म्हणून मी लिहिली, असं मी चार दिवस मनाला समजावत होतो. ते खोटं होतं. ती शून्यं मी घरूनच घेऊन गेलो होतो. पहिलं शून्य मी माझ्या आईपुढं लिहिलं होतं, वर्ध्याला, वयाच्या तेराव्या वर्षी, कोणाच्या ओसरीखाली न बसता. मला कोणी भाग पाडलं नव्हतं. मालकाला तिचं काम दिसत नव्हतं कारण त्याला ते फुकट हवं होतं. मला दिसत नव्हतं कारण मला त्याची घाण वाटत होती. दोघांचं उत्तर मात्र एकच आलं.

सोमवारी मी साहेबांपुढं उभा राहिलो. म्हटलं, त्या गावचे पाच फॉर्म मला परत द्या, मी घरी जाऊन पुन्हा भरतो.

"का?"

मी कारण सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते, त्यामुळंच जास्त जड गेलं.

"हे बघ," ते म्हणाले, "सालदाराच्या बायकोनं गोठा काढणं ही प्रथा आहे. मजुरी ठरलेली नाही, म्हणजे ते रोजगारात बसत नाही."

"काम केलं आणि मजुरी मिळाली नाही, असं लिहू या."

"तसं लिहिलं तर त्याला वेठ म्हणावं लागेल. वेठ कायद्यानं बंद आहे."

"बंद आहे म्हणजे नाही, असं का साहेब?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "तू तुझ्या लोकांचं बघून लिहायला लागलास. तपासनिसाला जात नसते."

हे वाक्य त्यांनी मनापासून म्हटलं. म्हणूनच माझ्या तोंडून निघून गेलं, "मग पोत्यावर मी का बसलो होतो?"

साहेबांचे कान लाल झाले. त्यांनी गठ्ठा उचलून ट्रंकेत ठेवला. कुलूप लावलं. मी माझ्या थैलीत कोरे फॉर्म भरले आणि सायकल काढली. जाऊ नकोस, असं त्यांनी म्हटलं नाही. जा, असंही म्हटलं नाही.

गावात शिरून मी ओसरीकडं वळलो नाही. सरळ वस्तीत गेलो. दुपार होती. श्रावण जेवायला आला होता. मला पाहून घाबरला. "नोको बाबू," म्हणाला, "मालकाले समजलं तं पाडव्याले साल सुटन. मी हात जोडतो."

त्याचं खरं होतं. मी परत फिरायला हवं होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येत नाही. मी फिरलो नाही.

गिरजा दारात उभी होती. "आज भूक हाय का?" तिनं विचारलं.

मी तिथंच, दारातल्या मातीवर बसलो. म्हटलं, "बाई, मी त्या दिवशी तुमच्याबद्दल खोटं लिहिलं. आणि तुमच्या हातचं जेवलो नाही, कारण मला घाण वाटली. माझी आईही शेणच काढते."

श्रावण म्हणाला, "जाऊ दे वं, त्याले जाऊ दे." गिरजा त्याच्याकडं वळली. "तुमी गप राहा. माहं नाव हाय त्या फारमावर का तुमचं?" मग माझ्यासमोर बसली. "लिव."

तिला तारखा ठाऊक नव्हत्या. तिनं बाजाराच्या दिवसापासून मागं मोजलं. बाजाराच्या आदल्या दिवशी गाय व्याली, म्हणून दोनदा गोठा काढला. त्याच्या आधी पाहुणे आले होते, म्हणून सांजेलाही सरपण फोडलं. कोणत्या दिवशी काय सालन मिळालं, आंबलेलं होतं की चांगलं, तेही तिला आठवत होतं. मी कुठलंही उत्तर सुचवलं नाही. चौदाच्या चौदा चौकटी भरल्या. मजुरीच्या रकान्यात मात्र तिनं सांगितलं तेच लिहिलं. शून्य. या वेळी शून्य योग्य ठिकाणी होतं.

"अंगठा लावू?" तिनं विचारलं. फॉर्मला अंगठा लागत नव्हता. मी म्हटलं, लावा.

साहेबांनी तो फॉर्म घेतला नाही. मालगुजाराचा माणूस त्याच दिवशी अल्लीपुरात येऊन गेला होता. साहेब म्हणाले, पहिला फॉर्म तपासून सही झालेला आहे, तोच धरला जाईल. दुसऱ्या फॉर्मवर त्यांनी आडवी रेघ मारून 'रद्द' लिहिलं आणि माझ्यापुढं एक कागद ठेवला. त्यावर होतं की मी भरलेली सर्व माहिती खरी आहे. सही कर, म्हणाले, म्हणजे पुढच्या पाहणीतही तुला घेता येईल.

मी सही केली नाही. पेन खिशाला लावलं आणि म्हटलं, "साहेब, मी भरलेली माहिती खरी नाही." त्या आठवड्यात मला काढलं.

मी इथं थांबलो असतो तर गोष्ट बरी दिसली असती. पण पाडवा आला. श्रावणचं साल सुटलं. आसपासच्या चार गावांत त्याला कोणी साल धरू देईना. मालगुजारानं दुसरा सालदार ठेवला. त्याची बायको पहाटे गोठ्यात जाऊ लागली. तिचं नाव मला माहीत नाही.

मला हिंगणघाटच्या जिनात कपाशीचे बोजे उचलायचं काम मिळालं. मॅट्रिक झालेला हमाल म्हणून पोरं चिडवायची. पुढच्या हंगामात एका सकाळी जिनाच्या फाटकात बायांच्या रांगेत गिरजा दिसली. गाव सोडून ते दोघं तिथं आले होते. मी जवळ गेलो. म्हटलं, "बाई, माझ्यामुळं तुमचं गाव सुटलं." माझे डोळे भरून आले होते.

"रडू नोको," ती म्हणाली. "माह्यापुढं रडून तुले बरं वाटन, मले काय भेटन? अंगठा मी लावला, तू माहा हात नोता धरला." रांग पुढं सरकली. ती दोन पावलं गेली आणि मागं वळून म्हणाली, "माहं तं लिवलं. आन बाकीच्या बायाईचं काय केलं?"

मी बोजे उचलायला वळलो.

ते गठ्ठे नागपूरला गेले. तिथून आणखी पुढं. कोणीतरी त्यांची बेरीज केली असेल. एखाद्या जाड पुस्तकात छापलं गेलं असेल की या भागात सालदारांच्या बायका काम करत नाहीत. ते वाचून कोणी भाषण करील, कोणी मजुरीचा दर ठरवील. त्या बेरजेत माझं अक्षर आहे. ते मला खोडता येणार नाही. ट्रंकेला कुलूप आहे आणि किल्ली माझ्याकडं नाही. या गोष्टीची लाज मला रोज वाटते, आणि ती कमी व्हावी अशी माझी इच्छा नाही.

पण घरं मला आठवतात. कोणतं गाव, कोणती गल्ली, दारात काय होतं, सगळं आठवतं. जिनाला सुट्टी असते त्या दिवशी मी निघतो. सरकारनं पाठवलेलं नाही. फॉर्म नाही, साधी वही आहे. ज्या बाईपुढं मी शून्य लिहिलं तिच्या दारात जातो आणि सांगतो की मी तुमच्याबद्दल खोटं लिहिलं होतं. काही जणी हसतात. एकीनं तोंडावर दार लावलं. एकीच्या नवऱ्यानं दगड उचलला. मी पुन्हा जातो. विचारतो, पहाटेपासून सांगा. जे सांगतात ते लिहितो, आणि संध्याकाळी वस्तीत सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचतो. जिनातल्या बायांच्या सभेत वाचतो. तहसील कचेरीत दोनदा नेलं, दोनदा हाकललं, तिसऱ्यांदा नेणार आहे. सगळी घरं झाल्याशिवाय थांबणार नाही, आणि मालकाची भीती वाटते म्हणून कोणतंही घर सोडणार नाही.

मागच्या महिन्यात एका गावात मी एका बाईसमोर बसलो असताना तिचा मालक तिथं आला. उभ्यानंच म्हणाला, "हिले काय इचारतं? मी सांगतो."

मी उठून उभा राहिलो. त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"तुम्हाला विचारलेलं नाही," मी म्हणालो.